भगुनं गुलमंडीचं, बर्नर तिकडचा

वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांमुळे आपल्या शहराला बिअरची राजधानी म्हणतात. २०१६च्या दुष्काळात या कारखान्यांच्या पाण्याचा वाद खंडपीठात गेला आणि त्यांचं पाणी कापलं गेलं, हे इथे अजून कुणी विसरलेलं नाही. एवढी बिअर जिथून देशभर जाते, तिथे घरी बादलीभर करायला मात्र बंदी. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ मधलं कलम ६५ एकदा वाचून बघा. दारू गाळणं-बनवणं तर गुन्हा आहेच, पण त्या कामासाठी भांडी आणि साहित्य जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा. तीस लिटरचं भगुनं सत्यनारायणाच्या शिऱ्यासाठी घेतलं तर कुणी हटकणार नाही. तेच बिअरसाठी म्हणून माळ्यावर ठेवलं की मुद्देमाल!

पण प्रत्येक दुसऱ्या घरातलं कुणीतरी आता अमेरिकेत नाहीतर इंग्लंडात असतं, आणि तिथे हा छंद उजळ माथ्याने चालतो. इंग्लंडने १९६३ मध्ये घरच्या बिअरसाठी लागणारा परवाना रद्द केला. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केली, तेव्हापासून दोन प्रौढांच्या घराला वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर, करमाफ बिअर करता येते; विकता मात्र येत नाही. मिसिसिपी आणि अलाबामा ही राज्यं तेवढी २०१३ पर्यंत अडून बसली होती. सुट्टीवर आलेली ही मंडळी परतताना गुलमंडीवर भांडी बघत फिरतात, ती यासाठीच.

गाडी लावायला जागा मिळेल ही आशा सोडून पायीच जावं. सुपारी मारुतीपासून कासारी बाजारापर्यंत भांड्यांची दुकानं लागतात. दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, किती माणसांचं पाहिजे?" इथे मोठं भांडं लिटरवर नाही, पंगतीवर मोजलं जातं. आपण "तीस लिटरचं" म्हटलं की तो क्षणभर बघतो, मग उतरंडीतलं एक काढून बुडावर बोटाने टिचकी मारतो आणि काट्यावर ठेवतो. भाव किलोचा, त्यामुळे पातळ पत्र्याचं भांडं स्वस्त वाटतं. घासाघीस करण्याआधी काठ नव्हे, बूड दाबून बघा.

तीस लिटरच का? तिकडे एका खेपेला पाच गॅलन, म्हणजे एकोणीस लिटर बिअर करण्याची रीत आहे. त्यासाठी साधारण पंचवीस लिटर माल्टचं पाणी चुलीवर चढतं, तासभर खळखळ उकळून तीन-चार लिटर आटतं आणि थोडं गाळातही जातं. उकळी फुटताना फेस असा उसळतो की वर चार-पाच बोटं जागा नसेल तर सगळा पाक शेगडीवर. हा पाक गोड असतो. पातळ बुडाच्या स्टीलमध्ये आच एकाच जागी साठते, बूड लागतं आणि करपट वास शेवटच्या बाटलीपर्यंत जात नाही. अॅल्युमिनियम उष्णता स्टीलच्या दहापटीहून जास्त वेगाने पसरवतं, म्हणून माझं मत सरळ जर्मलच्या जाड भगुन्याला. आधी त्यात नुसतं पाणी उकळून घ्यावं. आतून काळपट राखाडी थर धरतो, तो घासून चकाकवायचा नाही. धातूला तोच राखतो. आंबवण मात्र त्यात ठेवू नये, त्याला खाद्यदर्जाची प्लास्टिकची बादली लागते.

स्टीलच घ्यायचं असेल तर चुंबकाच्या परीक्षेवर फार विसंबू नका. चुंबक ३०४ जातीच्या स्टीलला चिकटत नाही, तसा स्वस्तातल्या २०२लाही चिकटत नाही. आणि पितळेचं कल्हईचं तपेलं कितीही देखणं असलं तरी राहू द्या. कथील २३२ अंशांना वितळतं, रिकामं भांडं आचेवर विसरलात की कल्हई गेली.

आता आच. पंचवीस लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला न्यायला सव्वादोन युनिट विजेइतकी उष्णता लागते. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर दोन किलोवॉटच्या आसपास. चांगल्या शेगडीत त्यातली दोन तृतीयांश उष्णता भांड्याला मिळते. म्हणजे नुसती उकळी फुटायलाच दीड तासाच्या वर. शिवाय एवढं ओझं काचेच्या शेगडीवर ठेवणं म्हणजे धाडसच. आचाऱ्यांची हाय प्रेशरची भट्टी अर्ध्या तासात काम उरकते, पण ज्वाळा बुडाबाहेर पसरली की पाव किलो गॅसच्या जागी चारशे ग्रॅमच्या वर जळतो. पसरट बुडाचं भांडं आणि त्याच्या आत मावणारी ज्वाळा, एवढं जमलं की गॅसची ही उधळपट्टी टळते.

भट्टी इथे स्वस्त आणि दणकट मिळते, तरी ती बॅगेत घालू नका. आपला गॅस प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण, तिकडचा सिलिंडर बहुतेक प्रोपेनचा. दाब वेगळा, जेटचं भोक वेगळं, रेग्युलेटरचे आटे वेगळे. जुगाड करून जोडलेली नळी गळाली तर विमा कंपनीही हात वर करेल. भगुन्याचं तसं नाही: वजन चार किलोच्या आत-बाहेर, पोटात कपडे आणि मेतकुटाची पाकिटं मावतात, आणि तेवीस किलोच्या हिशेबात बसतं. बॅगेत जागा नसेल तर त्याचाही हट्ट नको.

बर्नरसाठी अमेरिकेतल्या मंडळींनी नोव्हेंबर सरण्याची वाट पाहावी. थँक्सगिव्हिंगला अख्खी टर्की तळण्यासाठी तिकडे प्रोपेनचा बर्नर आणि तीस क्वार्टचं, म्हणजे अठ्ठावीस लिटरचं, अॅल्युमिनियमचं भांडं असा संच विकला जातो. सण झाला की एकदाच वापरलेले संच लोक अर्ध्या किमतीत काढतात. जाताना आपल्या भगुन्याच्या बुडाची रुंदी टेपने मोजून न्यावी, आणि बर्नर अंगणातच पेटवावा. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो.