उपाहारगृहासाठीं संगणक कसा निवडावा?

पाकशाळेंत संगणकास काम तें काय, असें आपणांस वाटेल. परंतु कढईंतील तेल १८० अंश सेल्सिअसच्या आसपास राखणें, किंवा वाफेवरील भांडें वेळेवर बंद करणें, हीं कामें त्याच्यावर सोंपवितां येतात. संवेदक उष्णतामान मोजतो. संगणक तें ठरविलेल्या मर्यादेशीं ताडून पाहतो. आणि त्याच्या आज्ञेनें गॅसची झडप उघडते वा मिटते. शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या प्रसादालयासाठीं २००९ सालीं ७३ सौर तबकड्या बसविण्यांत आल्या. दिवसभर सूर्याचा मागोवा घेऊन वाफ उत्पन्न करावयाची, ही त्यांची योजना.

अशा कामीं तीन साधनें प्रचलित आहेत. पहिलें सूक्ष्मनियंत्रक. २००५ च्या सुमारास इटलींत निघालेला आर्डुइनो फलक याच जातीचा. तो स्वस्त असून वीज येतांच कामास लागतो. दुसरें लघुसंगणक, २०१२ सालीं इंग्लंडांत निघालेला रास्पबेरी पाय हें त्याचें उदाहरण. मागण्या व हिशेब ठेवण्यास तो उत्तम; पण वीज एकाएकीं गेल्यास त्याच्या स्मृतिपत्रिकेंतील मजकूर बिघडूं शकतो. तिसरें पी.एल.सी. मोटारींच्या कारखान्यांसाठीं अमेरिकेंत १९६८ सालीं याची कल्पना निघाली. तें महाग, परंतु उष्णता, धूळ व कंपनें सोसणारें असतें.

जालन्याकडे उन्हाळ्यांत पारा चाळिशीपार जातो. त्यांत भट्टीची आंच. म्हणून निवडतांना बुद्धीपेक्षां सोशिकपणा पाहावा. पेटींत वाफ व पाणी शिरतें काय? बिघाड झाल्यास दुरुस्ती जवळपास होईल काय? आणि सर्वांत महत्त्वाचें, गेलेली वीज परत आल्यावर यंत्र काय करील? कणीक मळण्याच्या यंत्रांत त्या क्षणीं कोणाचा हात असेल, तर तें आपोआप सुरू होणें म्हणजे अनर्थच. माणसानें कळ दाबल्यावांचून तें हलतां कामा नये. वीज जातांच गॅसची झडप आपण होऊन मिटली पाहिजे. आणि तेल फार तापल्यास उष्णता तोडणारी स्वतंत्र कळ संगणकावर अवलंबून नसावी.

सारांश, एका कढईस साधा उष्णतानियंत्रक पुरे. अनेक भांडीं क्रमानें चालवावयाचीं तेथें पी.एल.सी. योग्य, लघुसंगणकाकडे हिशेब द्यावा, ज्वाला देऊं नये. चार पैसे वांचविण्यापेक्षां आचाऱ्याचा हात शाबूत राहणें अधिक मोलाचें होय.