जुन्या फितींतील आवाज नीट कसा उतरवावा

वऱ्हाडातील अनेक घरांत, विहारांत आणि वसतिगृहांच्या कपाटांत अजूनही कॅसेटी पडून आहेत. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या कंठातील भीमगीते अमरावती-अकोल्याच्या खेड्यापाड्यांत पोहोचली. ही गाणी आज अन्यत्रही मिळतील. परंतु एखाद्या भन्तेजींची धम्मदेसना, गावच्या गायन पार्टीचा जयंतीचा कार्यक्रम, स्नेहसंमेलनातील एखाद्या दिवंगत गुरुजींचे भाषण ज्या फितीवर घरीच भरले गेले, तिची दुसरी प्रत बहुधा नसते. बाबासाहेबांची १९५५ सालची बीबीसीवरील मुलाखत आपण आज ऐकू शकतो, ती ध्वनिमुद्रण जपले गेले म्हणूनच.

असा आवाज संगणकात उतरविताना सारी भिस्त मूळ फीत किती चांगली वाजली यावर असते. वाजविताना जे निसटले ते पुढे कोणतीही आज्ञावली परत आणू शकत नाही.

कॅसेटची फीत सेकंदाला केवळ ४.७६ सेंटिमीटर सरकते. त्यामुळे हेडवरील किंचित मळही आवाज दाबून टाकतो. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजविलेल्या कापसाने पुसावे. वर्षानुवर्षे न वाजलेली फीत आधी एकदा पूर्ण पुढे आणि मग मागे गुंडाळून घ्यावी. आतील नमद्याची गादी डिंक वाळून गळाली असेल, तर फीत दुसऱ्या स्क्रूच्या डबीत बसविता येते.

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे हेडचा कल. ज्या टेपरेकॉर्डरवर मुद्रण झाले त्याचे हेड आपल्या यंत्राहून किंचित तिरपे असू शकते. मग ‘स’, ‘श’ बोथट होतात, झांज मुकी वाटते आणि लोक ‘कॅसेट गेली’ म्हणून ती टाकून देतात. वास्तविक, हेडशेजारचा बारीक स्क्रू कॅसेट वाजत असतानाच अगदी हळू फिरवावा आणि आवाज सर्वाधिक उजळ होईल तेथे थांबावे. हे प्रत्येक कॅसेटसाठी नव्याने करावे लागते. काम कंटाळवाणे खरे, पण याहून मोठा लाभ कोणत्याही महागड्या उपकरणाने होत नाही.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या कोणाकडे असल्यास त्या स्पिरिटने कदापि पुसू नयेत. लाख त्यात विरघळते. त्यांची खाच लाँगप्लेपेक्षा सुमारे तिप्पट रुंद असल्याने सुईही जाडच हवी.

संगणकात भरताना आवाजाची पातळी शिखरापासून थोडी खाली ठेवावी. एकदा फाटलेला स्वर शिवता येत नाही. मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात, २४ बिट व ९६ किलोहर्ट्झवर साठवावी. हे न जमल्यास सीडीचे प्रमाण, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ, पुरेसे आहे. एमपीथ्री आकार घटविण्यासाठी आवाजाचा काही अंश टाकूनच देते. ती मोबाइलवर पाठविण्यापुरती ठीक; तिचे पुन्हा वेव्ह केले तरी टाकलेले परत येत नाही.

अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जातो. टिनाच्या खोलीतील कॅसेटी त्याआधी खालच्या, सावलीच्या खोलीत हलवाव्यात, आणि उतरविण्यास प्रारंभ घरी भरलेल्या फितींपासून करावा.