पोळ्याचा बैल, बडोद्याचं मांजर

(गोंदियात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

बोलायला लागण्याआधी पिशवीतली एक वस्तू फिरवते. पार मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या, फक्त जपून.

हा पोळ्याचा बैल. तान्ह्या पोळ्याला आपल्याकडे पोरं लाकडी नंदी सजवून दारोदार नेतात, आणि पूजेला पाटावर असे मातीचे बैल मांडतात. नीट बघा त्याच्याकडे. याला डोळे नाहीत. खूर नाहीत. पाय म्हणजे चार आखूड ठोकळे, आणि शेपटी अंगालाच चिकटवलेली. तरी आजवर एकाही पोरानं ‘हे काय आहे?’ असं विचारलेलं नाही. वशिंड आणि शिंगं, एवढ्यावर बैल उभा राहतो.

आता मला सांगा, कुंभाराला डोळे काढता येत नाहीत म्हणून तो असा आहे का? नाही. मातीनं त्याला तसं शिकवलंय. ओली माती सुकताना आणि भाजताना आटते, साधारण १० ते १२ टक्के. बारीक भाग आधी सुकतो, जाड भाग मागे राहतो. दोघांची ओढाताण झाली की नेमकी सांध्यावर चीर पडते. लांब सुटी शेपटी केली तर ती भट्टीपर्यंत पोचतच नाही. म्हणून शेपटी अंगाला, पाय जाड, मान आखूड. बैलातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हा निर्णय अर्धा कुंभाराचा आणि अर्धा मातीचा.

हा बैल डोक्यात ठेवा. आज ज्या बाईंबद्दल बोलायचं आहे त्यांनी आयुष्यभर हाच हिशोब मांजरांवर, घुबडांवर आणि कमळाच्या कळ्यांवर मांडला. त्यांचं नाव ज्योत्स्ना भट्ट. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हे, हे आधीच सांगते. मी शाळेत चित्रकला शिकवली, आणि मातीकाम फार उशिरा, चुकत चुकत शिकले. पण गुजराती रीतीनं मी त्यांना ज्योत्स्नाबेन म्हणणार आहे.

ज्योत्स्नाबेन १९४० साली कच्छमधल्या मांडवीत जन्मल्या. आधी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये थोडा काळ, मग बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. तिथली ललित कला शाखा १९५० सालची, म्हणजे तेव्हा अगदी नवीकोरी. चित्रकला विभाग आपले ना. श्री. बेंद्रे सांभाळत होते आणि शिल्पकला विभागात शंखो चौधुरी होते. ज्योत्स्नाबेन त्या चौधुरींकडे शिकल्या. म्हणजे हात मातीकामाचा झाला, पण डोळा शिल्पकाराचा. हे महत्त्वाचं आहे, पुढे लागेल.

साठच्या दशकाच्या मध्यात त्या न्यूयॉर्कला ब्रुकलिन म्युझियमच्या कलाशाळेत जोलियन हॉफस्टेड यांच्याकडे सिरॅमिक शिकायला गेल्या. तो काळ अमेरिकेत मातीकामात मोठी धुमाळी चालू असतानाचा. पीटर वूल्कोससारखे लोक मातीचे भले थोरले ढीग रचत होते, फाडत होते, भोकं पाडत होते. भांडं उपयोगाचं असलंच पाहिजे हा नियमच त्यांनी मोडीत काढला होता. अशा गावाहून आलेला माणूस परतल्यावर काय करेल? काहीतरी अवाढव्य करेल असं वाटतं ना? या बाईंनी मांजर केलं. पाय पोटाखाली घेऊन बसलेलं, ओंजळीत धरावंसं वाटणारं मांजर. मला त्यांच्याबद्दल खरा आदर वाटायला लागला तो इथे.

ते मांजर कसं आहे, ते बघू. फोटो दाखवण्यापेक्षा मी सांगते, तुम्ही मनात करा. एक पोकळ, बंद आकार. पाठीची एकच सलग रेषा. कान म्हणजे दोन चिमटे. मिशा नाहीत, केस नाहीत. पण मांजर पाय दुमडून बसलं की त्याच्या अंगात जो एक जडपणा उतरतो, ‘मी आता हलणार नाही’ असा, तो मात्र पुरा आहे. निसर्गावरून काम करायचं म्हणजे पिसं न् पिसं मोजायचं, अशी आपली समजूत शाळेतल्या चित्रकलेनं करून दिलीय. त्यात माझाही हात आहे. (हशा) मी कितीतरी वर्षं पोरांना ‘अजून बारकावे दाखव’ असंच सांगत आले.

मातीत बारकाव्यापेक्षा पोकळी आधी येते. माझंच सांगते. मी पहिलं घुबड केलं ते भरीव. दिवस थंडीचे होते, वरून कोरडं दिसलं म्हणून भट्टीत ठेवलं. अर्ध्या तासात आतून ‘ठप्प’ असा आवाज. माझं घुबड गेलंच, शेजारच्या चार पणत्याही घेऊन गेलं. जाड मातीच्या पोटात ओल राहते, उष्णता वाढली की तिची वाफ होते आणि वाफेला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून प्राणी, पक्षी जे काही कराल ते आतून पोकळ, सगळीकडे साधारण सारखी जाडी, आणि खाली कुठेतरी एक भोक. पोकळ केलं की बाहेरचा आकारही आपोआप सोपा होतो. ज्योत्स्नाबेनच्या कामातला साधेपणा ही नुसती आवड नव्हती, असं माझं मत आहे. त्यांनी निसर्गातून तेच आकार निवडले जे मातीला मनापासून पटतात. मांजर, घुबड, मिटलेली कळी. तिन्ही स्वतःत मिटलेले आकार आहेत बघा.

आपल्या तलावांचं उदाहरण घ्या. आपला जिल्हा तलावांचा. मालगुजारी तलावांत कमळं असतात, भातखाचरांत सारस असतात. आता मातीत उमललेलं कमळ करा. पाकळ्या पातळ, देठाकडे जाड, सुकताना निम्म्या गळणार. कळी करा, टिकते. सारसाचं तर विचारूच नका. लांबच लांब पाय, त्यावर अंग, वर मान. हौशी माणूस आत तार घालतो. माती आटते, तार आटत नाही, आणि पाय फुटतो. मग सारस करायचाच नाही का? करायचा. पण घरट्यावर बसलेला, पाय आत, मान वळवून पाठीवर टेकलेली. तो सारसच असतो. फक्त त्यासाठी बांधावर उभं राहून तो बसतो कसा हे आधी पाहावं लागतं.

आता शिकवण्याबद्दल. १९७२ ते २००२, तीस वर्षं ज्योत्स्नाबेन बडोद्याला शिकवत होत्या, सिरॅमिक विभागाच्या प्रमुख म्हणून निवृत्त झाल्या. ही गोष्ट कागदावर एका ओळीची आहे, पण तिच्यामागे काय आहे ते आपल्या कुंभारवाड्यातल्या लोकांना लगेच कळेल. बाईनं चाकाला हात लावायचा नाही, हा रिवाज देशात कितीतरी ठिकाणी होता. काही घरांत अजून आहे. माती आणायची, चाळायची, तुडवायची, पणत्यांना रंग द्यायचा, टोपली डोक्यावर घेऊन बाजारात बसायचं, हे सगळं तिनं करायचं. चाक मात्र पुरुषाचं. तिकडे मणिपूरला बाया चाकाशिवाय भांडी घडवतात, म्हणजे हातात कसब नसतं असं काही नाही. अशा देशात एक बाई तीस वर्षं विद्यापीठात मातीकाम शिकवते. कोणत्याही जातीच्या मुलाला, मुलीला. कसब घरातून मिळालं नसलं तरी ते शिकता येतं, हे त्या वर्गात रोज सिद्ध होत होतं. दुसरी बाजूही सांगायला हवी. कुंभाराच्या घरातली मुलगी त्या वर्गापर्यंत किती वेळा पोचली असेल? फी, प्रवास, इंग्रजी, मध्ये बरंच काही आड येतं. त्या दोन जगांत अजून मोठी फट आहे.

ती फट पैशाची तशी तापमानाचीही आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. आपला आवा साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. लाल मातीत लोह असतं, तिला फार ताप सोसत नाही, जास्त तापवली की ती बसते, वितळते. स्टोनवेअर नावाची माती १२०० अंशांच्या वर भाजतात, तिची छिद्रं बुजतात, पाणी झिरपत नाही. ज्योत्स्नाबेन दोन्हींत काम करायच्या, टेराकोटात आणि स्टोनवेअरमध्ये. म्हणून लोक म्हणतात, स्टोनवेअर म्हणजे वरचं आणि आपलं मडकं म्हणजे कच्चं. अहो, पण मे महिन्यात गोंदियाच्या उन्हात स्टोनवेअरचा माठ ठेवून बघा. पाणी गार होणारच नाही! झिरपलं तर वाळेल, वाळलं तर गार होईल. माठाचं छिद्र हा दोष नाही, तेच त्याचं काम आहे.

झिलईचं मात्र वेगळं. ग्लेझ म्हणजे काय, तर मातीच्या अंगावर वितळवलेली काच. तिला तीन गोष्टी लागतात: काच होणारी सिलिका, ती कमी तापमानाला वितळावी म्हणून एखादा क्षार, आणि वितळून ओघळू नये म्हणून ॲल्युमिना, तो मातीतूनच मिळतो. ज्योत्स्नाबेनना चकाकणाऱ्या झिलईपेक्षा मॅट आणि सॅटिन मॅट जास्त प्रिय. मोरपंखी निळा, शेवाळी हिरवा, मातकट रंग. मॅट झिलई थंड होताना तिच्यावर बारीक स्फटिक धरतात, उजेड विखुरतो, म्हणून ती चमकत नाही. शेवाळलेल्या दगडासारखी दिसते. रंगाचीही गंमत आहे. तेच तांबं साध्या झिलईत हिरवं दिसतं आणि सोडा-पोटॅश जास्त असलेल्या झिलईत निळसर फिरोजी होतं. तळ्याचा रंग हवा असेल तर रंग बदलायचा नाही, क्षार बदलायचा.

आणि सिलिका कुठून आणायची? इथे बसलेल्या राईस मिलवाल्यांनी कान द्या. (हशा) धानाच्या तुसाची राख जवळजवळ सगळी सिलिकाच असते. जपानात भाताच्या राखेपासून दुधाळ पांढरी झिलई करण्याची जुनी पद्धत आहे. आपल्याकडे मिलच्या मागे त्या राखेचे ढीग पडलेत, वारा सुटला की लोक नाकाला रुमाल लावतात. नुसती राख आपल्या आव्यात वितळणार नाही, हे लक्षात ठेवा. तिला जोडीला क्षार हवा आणि १२०० अंशांची भट्टी हवी. कमी तापमानाला वितळतं म्हणून कुणी शिसं घालायला सांगितलं तर ऐकू नका, त्या भांड्यात जेवणाऱ्याच्या पोटात ते जातं. पण भट्टी एकट्यानं नाही तरी चार घरांनी मिळून करता येते. विदर्भातच, चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला, कृष्णमूर्ती मिरमिरांनी ग्रामोदय संघात गावच्या कुंभारकामासाठी असंच काम उभं केलं. ते बघून या, बडोद्यापेक्षा जवळ आहे.

ज्योत्स्नाबेन ११ जुलै २०२० रोजी बडोद्यात गेल्या. निवृत्तीनंतरही त्या काम करत होत्या.

एक चिठ्ठी आलीय, आठवीतल्या मुलीची दिसते. ‘ताई, मी घुबड केलं आहे, पण आजी म्हणते घुबड घरात ठेवू नये. आणि भोक कुठे पाडू?’

आजीला सांग, बंगालात घुबड लक्ष्मीचं वाहन म्हणून पूजतात. ऐकतील की नाही, माहीत नाही. भोक तळाला पाड, मध्यभागी, करंगळीएवढं. माती चामड्यासारखी घट्ट झाली की पाड, ओली असताना पाडलंस तर घुबड बसकं होईल. मग सावलीत आठ दिवस ठेव. गालाला लावून बघ. गार लागलं तर अजून ओलं आहे.

बैल कुणाकडे आहे? तो तेवढा पुढे पाठवा.