डुअल बूट करताय? आधी कॅम्पस नेटवर्कची ही चार कामं बघा

आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या भागासाठी १९९० मध्ये जळगावला विद्यापीठ सुरू झालं. तेच आजचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. इथे किंवा धुळ्याच्या एखाद्या कॉलेजात रिसर्च करताय? मग कधी ना कधी लिनक्स लागतंच. ग्रोमॅक्ससारखी सॉफ्टवेअर त्यावरच नीट चालतात. पण रिपोर्ट आणि ऑफिसची कामं विंडोजवर असतात. म्हणून डुअल बूट: एकाच कॉम्प्युटरवर दोन्ही, चालू करताना हवं ते निवडायचं.

घरी हे सोपं आहे. मी मित्रमैत्रिणींना लिनक्स टाकून देतो, तेव्हा खरी अडचण लॅबच्या मशीनवर येते. कारण तिथलं नेटवर्क मॅनेज्ड असतं, म्हणजे कुठलं मशीन आत येणार हे अ‍ॅडमिन ठरवतो. आणि तुमच्या दोन सिस्टिम नेटवर्कला एकच मशीन वाटतात.

१. मॅक अ‍ॅड्रेस
हा नेटवर्क कार्डचा नंबर. कार्ड एकच, म्हणून दोन्ही सिस्टिमचा नंबरही सहसा एकच. अ‍ॅडमिनने तो नोंदवला असेल तर लिनक्सही चालेल. फक्त 'रँडम मॅक' बंद ठेवा. अँड्रॉइड फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये असतं तेच हे. नंबर बदलला की नेटवर्क तुम्हाला ओळखणार नाही.

२. कॉम्प्युटरचं नाव
इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. लॅबचं विंडोज डोमेनला जोडलेलं असेल, तर प्रत्येक मशीनचा सर्व्हरवर स्वतःचा गुप्त पासवर्ड असतो. लिनक्सही त्याच नावाने डोमेनला जोडलं, तर तो पासवर्ड बदलतो. मग विंडोज सुरू होतं, पण डोमेन त्याच्यावर विश्वास ठेवत नाही आणि लॉगिन अडतं. उपाय साधा आहे: विंडोजचं नाव लॅब०५ असेल तर लिनक्सला लॅब०५एल द्या.

३. घड्याळ
विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स सहसा यूटीसी. दोघांत साडेपाच तासांचा फरक! लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकतं. डोमेनचं केरबेरॉस लॉगिन साधारण ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. म्हणून टाइमडेटसीटीएल कमांडने लिनक्सलाही लोकल वेळ वापरायला सांगा. कॅम्पसचा स्वतःचा टाइम सर्व्हर असेल तर दोन्हीकडे तोच टाका, कारण बाहेरचा बऱ्याचदा ब्लॉक असतो.

४. बिटलॉकर
हे चुकलं तर डेटाच जाऊ शकतो. डिस्कवर बिटलॉकर चालू असेल, तर बूट सेटिंगला हात लावल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. लॅबच्या मशीनची ही की बहुतेक वेळा अ‍ॅडमिनकडेच असते. ती आधी मिळवा, पेन ड्राइव्हवर नाही तर वेगळ्या डिस्कवर बॅकअप घ्या आणि मगच पार्टिशन छोटं करा. विंडोजचं फास्ट स्टार्टअपही बंद करा. सिक्युअर बूट मात्र चालूच ठेवा, उबुंटू त्यासोबत चालतं.

अ‍ॅडमिन नाही म्हणाला तर?
तर लपूनछपून करू नका. तुमच्या मशीनमुळे अडचण आली तर अख्ख्या लॅबचं नेट बंद होऊ शकतं. विंडोजमध्येच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल किंवा व्हर्च्युअल मशीन वापरू द्या, असं विचारा. बरीच कामं त्यावर होतात आणि डिस्कला हात लागत नाही.

लिनक्स नवीन असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतही आहेत, फोनवर बघता येतात. पण पेन ड्राइव्ह लावण्याआधी अ‍ॅडमिनला एक ईमेल टाका: मॅक, नाव, टाइम सर्व्हर आणि रिकव्हरी की. चारही उत्तरं लेखी आली की मगच इन्स्टॉल दाबा.