बेस गिटार आणि हातांचे आरोग्य

केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये वसविलेल्या बेंगळूरूच्या जुन्या पेठेचे चिकपेट हे एक गजबजलेले अंग. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले आणि या पेठेशी मराठी भाषेचे नाते जडले. चिकपेट रेशमी साड्यांसाठी ओळखले जाते, तर शेजारचे बळेपेट वाद्यांच्या दुकानांसाठी. वीणा, मृदंग व हार्मोनियम यांच्या सोबतीने आता तेथे गिटारही दिसते. त्यांतील जाड तारांची, लांब दांडीची आणि खर्जातील स्वरांची बेस गिटार तरुणांना विशेष आकर्षित करते.

मात्र हौसेने घरी आणलेले हे वाद्य कित्येकदा काही महिन्यांतच कोपऱ्यात उभे राहते. कारण असते मनगटातील कळ किंवा बोटांतील मुंग्या. हात दुखणे हा साधनेचाच भाग आहे, असा समज या दुखण्याला खतपाणी घालतो. हा समज चुकीचा आहे. बोटांची टोके सुरुवातीला हुळहुळी होतात आणि काही आठवड्यांत राठ बनतात, एवढेच स्वाभाविक आहे. मनगट, अंगठा व कोपर येथील वेदना मात्र बहुधा शक्तीच्या अनाठायी खर्चाची सूचना असते.

दुखण्याचे मूळ

नेहमीच्या गिटारच्या तारेची कंपन पावणारी लांबी सुमारे ६५ सें.मी. असते, तर प्रचलित बेस गिटारची सुमारे ८६ सें.मी. तिची सर्वांत जाड तार अडीच मिलिमीटरहून अधिक जाड असते. पहिल्या पडद्यापर्यंतचे अंतर जवळजवळ ४.८ सें.मी. असल्याने चार बोटे चार पडद्यांवर ठेवताना पंजा अतिशय ताणला जातो.

बोटे वाकविणारे मुख्य स्नायू बोटांत नसून कोपराखालच्या हातात असतात. त्यांचे नऊ स्नायुबंध मनगटातील एका अरुंद बोगद्यातून बोटांकडे जातात. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना संवेदना देणारी मज्जातंतूही त्यांच्यासोबतच जाते. मनगट वाकवून बोटांवर जोर दिला की या बोगद्यातील दाब वाढतो. तोच प्रकार रोज तासन्‌तास घडल्यास स्नायुबंधांना सूज येऊ शकते व मज्जातंतू दाबली जाऊन मुंग्या येतात.

जोर किती लावावा?

याचे उत्तर वाद्यच देते. तारेवर बोट अलगद ठेवून ती छेडावी. प्रथम खरखर ऐकू येईल. मग दाब किंचित वाढवीत जावे. स्वर ज्या क्षणी स्वच्छ उमटेल, तेवढाच दाब आवश्यक. त्यापुढचा सारा वाया जातो. बोट पडद्याच्या अगदी लगत मागे ठेवल्यास हा दाब आणखी कमी लागतो. अंगठा दांडीमागे केवळ आधारापुरता असावा. त्याने चिमटा घेऊ नये.

सुरुवातीच्या रुंद पडद्यांवर अनामिका व करंगळी एकत्र वापरून तीनच पडदे सांभाळण्याची पद्धत उभ्या डबल बेसच्या वादकांकडून आली आहे. ती पंजाचा ताण वाचविते. उजव्या हाताने तार जोराने ओढण्याऐवजी ध्वनिवर्धकाचा आवाज थोडा वाढवावा व बोट हलके चालवावे.

गळ्यातील पट्टा इतका आखूड असावा की बसून व उभे राहून वाजविताना वाद्य एकाच उंचीवर राहील. गुडघ्यापर्यंत लोंबणारी गिटार रंगमंचावर ऐटबाज दिसते, पण मनगटाला काटकोनात वाकविते. तारा दांडीपासून फार उंच असतील, तर खरेदीच्या वेळीच दुकानातील कारागिराकडून दांडी व घोडी जुळवून घ्यावी.

विश्रांती आणि सावधगिरी

सरावाचा प्रारंभ संथ स्वरांनी करावा. वीस-पंचवीस मिनिटांनंतर पाच मिनिटे वाद्य बाजूला ठेवावे. कार्यक्रम जवळ आला म्हणून सरावाचे तास एकदम दुप्पट करणे, हे दुखापतीला आमंत्रणच होय. शिवाय हात दिवसभर दुसरे कामही करीत असतो. संगणकाच्या कळफलकावर काम करणारा कर्मचारी असो वा साड्यांच्या घड्या उलगडणारा विक्रेता, तो संध्याकाळी वाद्य उचलतो तेव्हा हात आधीच थकलेला असतो. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७१३ मध्ये लेखनिकांच्या व्याधींची तीन कारणे नोंदविली होती : सतत बसणे, हाताची तीच ती हालचाल आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. बँकेत काम करणाऱ्यांना यांतील एकही कारण अपरिचित वाटणार नाही.

वेदना दुसऱ्या दिवशीही टिकली, रात्री बधिरपणामुळे जाग आली किंवा हातातून वस्तू निसटू लागल्या, तर वादन थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. वेदनाशामक गोळी घेऊन सराव चालू ठेवू नये, कारण गोळी इशारा दडपते, इजा नव्हे. थोर संगीतकार रॉबर्ट शूमान यांना १८३० च्या दशकात उजव्या हाताच्या बोटाच्या विकारामुळे पियानोवादक होण्याचे स्वप्न सोडावे लागले होते.

हाताची शक्ती ही पुंजीच आहे. स्वरासाठी लागेल तेवढीच ती खर्च करणाऱ्याला बेस गिटारचा आनंद दीर्घकाळ घेता येतो.