सॉकेटचा ग्रहण-बफर : पोच आणि नोंद यांतील अंतर

प्रस्तावना :
संगणक-जाळ्यातून येणारी माहिती प्रोग्रामच्या सवडीने येत नाही. प्रोग्राम दीर्घ गणनेत गुंतलेला असताना आलेल्या माहितीचे काय होते, हा प्रश्न प्रणालीच्या विश्वासार्हतेशी निगडित आहे. १९८३ मधील ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीपासून रूढ झालेल्या सॉकेटच्या रचनेत त्याचे उत्तर सापडते.

कार्यपद्धती :
प्रत्येक सॉकेटसाठी ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल मर्यादित आकाराचा ग्रहण-बफर सांभाळतो. टीसीपी जोडणीवरून आलेली माहिती कर्नल तपासतो, क्रमाने लावून बफरमध्ये ठेवतो आणि प्रेषकाला पोच देतो. प्रोग्रामला याची वार्ताही नसते. पुढे सवडीने त्याने वाचनाची आज्ञा दिली की साठलेले बाइट त्याच्या हाती येतात. टीसीपी हा बाइटांचा अखंड प्रवाह असल्याने स्वतंत्रपणे पाठविलेले तीन संदेश एकाच वाचनात सलग मिळू शकतात. त्यांच्या सीमा ओळखणे ही प्रोग्रामची जबाबदारी होय.

बफर भरल्यास :
बफरमध्ये किती जागा उरली, हे कर्नल प्रत्येक पोचेसोबत कळवितो. या आकड्यास ‘विंडो’ म्हणतात. १९८१ च्या आरएफसी ७९३ नुसार तिची कमाल मर्यादा ६५,५३५ बाइट होती. १९९२ च्या आरएफसी १३२३ ने ती सुमारे १ गिगाबाइटपर्यंत वाढविली. विंडो शून्य होताच प्रेषक थांबतो व ठरावीक अंतराने जागेची चौकशी करतो. यूडीपीमध्ये अशी व्यवस्था नाही. तेथे बफर भरला की नवी माहिती टाकून दिली जाते आणि प्रेषकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

निष्कर्ष :
टीसीपीची पोच म्हणजे कर्नलला माहिती मिळाल्याची खूण. प्रोग्रामने ती वाचल्याची नव्हे. उदाहरणार्थ, प्रवेश-अर्ज स्वीकारणारा सर्व्हर-प्रोग्राम मध्येच बंद पडला, तर बफरमधील न वाचलेले अर्ज पोच देऊनही नष्ट होतात. जोडणी तुटल्याचे प्रेषकाला कळले, तरी कोणता अर्ज नोंदला गेला हे कळत नाही. म्हणून अर्ज डेटाबेसमध्ये कायम झाल्यानंतरच प्रोग्रामने स्वतःची पावती देणे आवश्यक ठरते. पावती न मिळाल्यास प्रेषकाने तोच अर्ज त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवावा आणि प्रोग्रामने तो क्रमांक तपासून दुबार नोंद टाळावी. बफर प्रोग्रामला उसंत देतो. नोंदीची हमी मात्र प्रोग्रामनेच द्यावयाची असते.