समाजपत्राचा अग्रलेख

एखाद्या लहान किंवा उपेक्षित समाजाच्या हितासाठी निघालेल्या पत्रापाशी मोठ्या दैनिकाचे बळ नसते. वर्गणीदार थोडे, त्यांतही बहुतेक गरीब, आणि जाहिरातींची वानवा. अशा पत्राचा सारा भार अग्रलेखावर पडतो. मग हा अग्रलेख समर्थ कशाने होतो? शब्दांच्या आवेशाने, असा पुष्कळांचा समज आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची दोन पत्रे पाहिली म्हणजे तो समज टिकत नाही.

‘मूकनायक’ हे पाक्षिक ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत निघाले. केवळ आपापल्या जातीचे हित पाहणाऱ्या पत्रांचा विचार त्याच्या पहिल्याच अग्रलेखात केलेला आहे. त्यासाठी आगबोटीचा दृष्टान्त योजला आहे: दुसऱ्या उतारूच्या खोलीला छिद्र पाडणारा उतारू शेवटी बोटीबरोबर स्वतःही बुडतो. समर्थ अग्रलेखाचे पहिले लक्षण ते हेच. दुःख एका समाजाचे असले, तरी त्याचा धागा सर्वांच्या हिताशी कोठे जुळतो, हे तो दाखवितो. एवढे साधले नाही, तर अग्रलेखाचे नुसते गाऱ्हाणे होते.

दुसरे लक्षण म्हणजे पडताळून पाहता येईल अशी वस्तुस्थिती. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली संमत केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. तरीही प्रत्यक्षात पाणी मिळेना, म्हणून २० मार्च १९२७ रोजी तेथे सत्याग्रह झाला आणि सत्याग्रहींना मार खावा लागला. मागणी पाण्याची होती, आणि तिच्यामागे छापील ठराव होते. ठरावाच्या तारखेपुढे विशेषणांची गरज उरत नाही.

तिसरे लक्षण सर्वांत अवघड. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. महाडच्या संग्रामावर त्यात अग्रलेखांची मालाच आली. एका लेखात वरिष्ठ हिंदूंची जबाबदारी सांगितली होती, दुसऱ्यात इंग्रज सरकारची आणि तिसऱ्यात खुद्द अस्पृश्य वर्गाची. कोणी काय करावयाचे, हे वेगवेगळे मांडले, म्हणजे ‘समाजाने जागे व्हावे’ अशा मोघम उपदेशाआड कोणालाच लपता येत नाही. शिवाय आपल्याच वाचकाला त्याचे कर्तव्य ऐकविण्यास धैर्य लागते. कारण पत्र त्याच्याच वर्गणीवर चालते. परंतु जो संपादक स्वकीयांना कठोर सत्य सांगतो, त्याच्याच शब्दाला परकीयांपुढेही वजन येते.

असा अग्रलेख लगेच फळ देतोच असे नाही. महाड नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले, आणि तळ्याच्या पाण्यावरील हक्क मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला तो १९३७ साली. तो निकाल छापण्यास ‘बहिष्कृत भारत’ उरले नव्हते. ते १९२९ सालीच बंद पडले होते. पत्राचे आयुष्य अवघे अडीच वर्षांचे ठरले, पण त्याने मांडलेली बाजू दहा वर्षांनंतरही न्यायाची ठरली. अग्रलेखाचे सामर्थ्य मोजावयाचे ते याच मापाने.